अकोल्यात न पडणारा सर्व्हर

सबीहाला मोडतोड करण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट तिच्या अचलपूरच्या नातेवाइकांच्या गळी कधीच उतरली नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलंच तर ती सांगायची, "पुण्याची एक कंपनी आहे, ते डेटाबेस सर्व्हर बनवतात. तो कशानं पडते, ते मी शोधते."

"आन पडला तर?"

"पडला तर माझं काम झालं."

मग समोरची मामी किंवा चाची तिच्याकडे जरा काळजीनं बघायची आणि विषय तिच्या लग्नाकडे वळवायची.

अमरावतीला वलगाव रस्त्यावर ती आणि तिचे वडील रहमतुल्ला, असे दोघंच राहत. रहमतुल्ला अचलपूरच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. घरात, नात्यात सगळा व्यवहार उर्दूचा. पण लेकीशी ते हट्टानं मराठीत बोलायचे, आणि तेही पुस्तकातलं. सबीहा त्यांना वऱ्हाडीत उत्तर द्यायची. "तुझे भोजन झाले का?" असं त्यांनी विचारावं आणि "जेवून राह्यली ना अब्बा," असं तिनं म्हणावं. शेजाऱ्यांना ही मोठी गंमत वाटायची.

आधी ती पुण्यातच नोकरीला होती. अम्मीचं दुखणं वाढलं तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी आली. अम्मी गेली, पण सबीहा परत गेली नाही. कंपनीनंही घरून काम करायला हरकत घेतली नाही. तिच्या कामाला टेबल, वीज आणि इंटरनेट एवढंच लागायचं, आणि ते वलगाव रस्त्यावरही होतं. वीज जायची अधूनमधून, तेवढंच.

काम असं होतं. दवाखान्यातले पेशंट, कॉलेजातली पोरं, दुकानातला माल, सगळ्यांच्या नोंदी आता डेटाबेसमध्ये असतात. सर्व्हरला प्रश्न विचारायचा, त्यानं नोंदी चाळून उत्तर द्यायचं. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. पण लोक किती प्रकारचे प्रश्न विचारतील, याला काही धरबंध नाही. माणूस बसून सगळे प्रश्न सुचवू शकत नाही. म्हणून सबीहानं एक टूल लिहिलं होतं, जे स्वतःच्या मनानं प्रश्न रचायचं. व्याकरण बरोबर, अर्थ शून्य. ज्यांचं गाव त्यांच्या नावाच्या आधी येतं आणि ज्यांचं वय त्यांच्याच वयाच्या सरासरीहून कमी नाही, अशांमधून जे या यादीत मुळीच नाहीत ते दाखव, आणि उलट्या क्रमानं दाखव. असले प्रश्न दिवसभर, एकामागून एक. सर्व्हरनं उत्तर द्यावं किंवा प्रश्न चुकीचा आहे म्हणावं, दोन्ही चालतं. मधेच बंद पडू नये.

रहमतुल्लांना हे प्रश्न वाचायला आवडायचे. चष्मा सावरत ते एखादी क्वेरी समजावून घ्यायचे आणि म्हणायचे, "याला काही अर्थ आहे का?"

"नाही ना."

"मग त्या बिचाऱ्याने उत्तर तरी का द्यावे?"

"नको देऊ दे. पन मरू नये नं त्यानं."

टूलला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागायचा. त्याला सीड म्हणतात. आकडा बदलला की प्रश्न बदलायचे. आकडा तोच दिला तर तेच प्रश्न त्याच क्रमानं यायचे. यामुळे पडलेला सर्व्हर पुन्हा पाडून दाखवता यायचा. सबीहाच्या धंद्यात ही सगळ्यात मोठी गोष्ट. पाडून दाखवता आलं नाही, तर पडला होता याला काही किंमत नाही.

आणि नेमकं तेच होईनासं झालं.

थंडी संपत आली होती. सर्व्हरची नवी आवृत्ती तिच्याकडे तपासायला आली आणि टूल लावल्यावर थोड्याच वेळात सर्व्हर पडला. पडताना सर्व्हर एक खूण मागे ठेवतो: शेवटच्या क्षणी तो आपल्या कोडमध्ये कुठे होता, तिथपर्यंत कुठून आला होता. सबीहानं ती वाचली, शेवटची क्वेरी उचलली आणि एकटी चालवून बघितली. सर्व्हरनं गुमान उत्तर दिलं. पुन्हा चालवली. पुन्हा उत्तर.

तोच सीड देऊन तिनं सगळं पहिल्यापासून चालवलं. सर्व्हर पडला, पण आधीपेक्षा बराच नंतर आणि दुसऱ्याच क्वेरीवर. खूणही दुसऱ्या जागेची. तिसऱ्या वेळी पडलाच नाही.

असं आधीही कधीमधी व्हायचं, म्हणून तिनं सवयीप्रमाणे पुण्याला बगची तक्रार नोंदवली. मग अजून एक पडला, तो नोंदवला. मग अजून. पुण्याहून एकेकावर तेच उत्तर येऊ लागलं: आमच्याकडे होत नाही. ही उत्तरं लिहायची अदिती. सर्व्हरच्या ज्या भागात क्वेरीचा अर्थ लावला जातो, तो भाग तिच्याकडे होता. वयानं सबीहापेक्षा लहान, पण कामात पक्की. एक दिवस तिचा फोन आला.

"सबीहा, तुम्ही पाठवलेलं सगळं मी चालवून पाहिलं. एकही क्रॅश आला नाही. तुम्हाला नक्की दरवेळी येतो का?"

"दरवेळी नाही येत."

"मग कधी येतो?"

"तेच तर समजून नाही राह्यलं."

मग अदिती म्हणाली, "राग मानू नका, पण तुमचं मशीन एकदा तपासून घ्याल का? रॅम खराब असली तरी असंच होतं. कुठेही पडतं, कसंही पडतं."

सबीहाला राग आला होताच. तिनं बोलून दाखवला नाही. वऱ्हाडीतलं साधं वाक्यही पुण्याला भांडणासारखं ऐकू जातं, हा अनुभव तिनं तिथल्या नोकरीत घेतला होता. तिनं आधी आपलं टूल उलटंपालटं करून तपासलं. टूलमध्ये काही सापडेना. मग मोठ्या क्वेरीचे तुकडे पाडून पाहिले. नेहमीची पद्धत: एकेक भाग काढत जायचं आणि सर्व्हर अजून पडतो का ते बघायचं, म्हणजे शेवटी दोषी तेवढा तुकडा उरतो. इथे मात्र कोणताही तुकडा काढला तरी पडणं थांबायचं. तोच तुकडा परत जोडला तरी सुरू व्हायचं नाही. सगळे भाग दोषी, किंवा एकही नाही.

तिला जेवण जाईना. एखाद्या माणसानं समोर बसून खोटं बोलावं आणि आपल्याला पकडता येऊ नये, तसं काहीतरी तिला वाटत होतं. पण इथे खोटं बोलणारं कुणी नव्हतं.

शेवटी तिनं रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, तपासायचा प्रोग्राम लावला. लाल ओळी उमटायला लागल्या. रॅम खरोखरच खराब होती.

ती कितीतरी वेळ त्या लाल ओळींकडे बघत बसली. सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. त्याच दुपारी जयस्तंभ चौकातल्या दुकानातून तिनं रॅम बदलून आणली, आणि घरी आल्या आल्या आपण पाठवलेल्या सगळ्या तक्रारी मागे घेतल्या. प्रत्येकीखाली एकच वाक्य: माझ्या मशीनमधला दोष होता, क्षमस्व. अदितीनं लगेच उत्तर दिलं, "अहो, होतं असं. मलाही झालंय." तिनं ते मनापासून लिहिलं होतं, पण सबीहाला ते वाचूनही ओशाळल्यासारखंच झालं.

रहमतुल्लांना तिनं सांगितलं, "सर्व्हर चांगलाच होता अब्बा. माह्या लॅपटॉपचाच घोळ होता."

"चला, उलगडा तर झाला," ते म्हणाले.

त्या आठवड्यात सगळं सुरळीत चाललं. सबीहाला झोप लागायला लागली. मग एका सकाळी ती चहा घेऊन टेबलाशी आली, तर सर्व्हर पडलेला होता.

तिनं पहिल्यांदा कप खाली ठेवला. रॅम तपासली. एकही लाल ओळ नाही. सीड तोच ठेवून टूल पुन्हा लावलं. सर्व्हर पडला, वेगळ्या क्वेरीवर. पुन्हा लावलं. पडला. खुणेची जागा या वेळी जरा ओळखीची वाटली, पण नक्की आठवेना. मागे घेतलेल्या तक्रारींपैकी एखाद्या तक्रारीत ती होती की काय? म्हणजे त्यातली एखादी खरी होती की काय? आणि असलीच, तर कोणती?

आता पुण्याला काय सांगणार? कालपरवा माफी मागून मोकळी झाले, आज परत तेच म्हणते?

तिनं पुण्याला फोन केला नाही. सौमित्रला केला.

सौमित्र तिच्याच वर्गातला, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला. अकोल्याला जठारपेठेत राहायचा आणि त्याच कंपनीसाठी घरूनच काम करायचा, पण दुसऱ्या भागावर. बिघडलेल्या डेटाबेसची प्रत परत कशी उभी करायची, ते त्याच्याकडे. कॉलेजात दोघं एकाच बाकावरून एकमेकांच्या प्रॅक्टिकलमधल्या चुका काढायचे. तिनं त्याला टूल पाठवलं, सीड पाठवला, नोंदींची फाइल पाठवली.

"चालवून पाह्य ना बावा एकदा. मले आता माह्यावरच भरवसा नाही राह्यला."

संध्याकाळी त्याचा फोन. "नाही पडून राह्यला."

"कितीदा चालवलं?"

"लय वेळा चालवलं. दुपारभर तेच करून राह्यलो. मस्त चालते सर्व्हर. तुह्या घराले भूत लागलं का व?"

"गंमत नको करू सौमित्र. सीड तोच टाकला ना?"

"तोच टाकला."

"आवृत्ती तीच?"

"तीच आहे. मले काय कॉलेजातला समजून राह्यली का?"

अमरावतीला पडतो, अकोल्याला पडत नाही, पुण्याला पडत नाही. तोच सर्व्हर, तेच प्रश्न, तोच क्रम. सबीहानं डोळे मिटून घेतले. रॅम नवी होती. आता लॅपटॉपमध्ये आणखी काय नासलं असेल? की तो बरोबर आहे आणि तीच कुठेतरी काहीतरी वेडंवाकडं करते आहे? दहावीपासून तिला एक खात्री होती, की यंत्राला आपण जे सांगतो तेच ते करतं. ती खात्री डळमळली, की माणसाला धरायला काही उरत नाही.

"मी येते तिकडे," ती म्हणाली. "दोन्ही मशीन बाजूबाजूले ठेवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं निघाली. लॅपटॉपची बॅग तिनं मांडीवर घट्ट धरली होती. मूर्तिजापूरला बस थांबली, तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "डॉक्टर हायेत का तुमी?" "नाही," सबीहा म्हणाली, आणि बॅग आणखी जवळ ओढून घेतली.

सौमित्रच्या घरी त्याची आई, ललिताकाकू, एकटीच होती. वडील पौरोहित्य करायचे. ते एका वास्तुशांतीला गेले होते. काकूंनी सबीहाला कॉलेजच्या दिवसांपासून पाहिलेलं. "किती वाळली व तू," म्हणत त्यांनी तिला आधी पोहे खायला घातले आणि मगच खोलीत सोडलं.

एका टेबलावर दोन लॅपटॉप. दोघांनी एकाच वेळी टूल सुरू केलं. दोन्ही पडद्यांवर तेच प्रश्न सरसर वर जात होते. थोड्या वेळानं सबीहाचा सर्व्हर पडला. सौमित्रचा चालतच राहिला.

"अरे!" सौमित्र म्हणाला. फोनवर ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. "हे तर खरंच पडून राह्यलं."

"मंग मी काय खोटं सांगून राह्यली होती?"

त्यांनी लॅपटॉपची अदलाबदल करून पाहिली, म्हणजे तिनं त्याच्या आणि त्यानं तिच्या लॅपटॉपवर टूल चालवलं. काही फरक नाही. तिच्या मशीनवर पडायचा, त्याच्या मशीनवर चालायचा. सर्व्हरच्या सगळ्या सेटिंग ओळ न ओळ ताडून पाहिल्या. एक-दोन ठिकाणी फरक होता, तो काढला. तरी तेच. सौमित्रनं आपला सर्व्हर काढून टाकून नव्यानं बसवला. तरी तेच. सकाळ कधी सरली कळलं नाही. काकू मधेच दारात येऊन बघून जात होत्या.

सबीहा वैतागली होती. दोन मशीनमध्ये एक तरी गोष्ट सारखी आहे ना, हे बघायला म्हणून तिनं दोन्हीकडे सगळ्यात साधी क्वेरी टाकली. ना सरासरी, ना क्रम. टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, जे आहे ते दाखव, बस.

तिच्या पडद्यावर नावं आली. टूलसाठी नोंदी भरताना तिला उगाच मनात आलं होतं, म्हणून तिनं खरी वाटणारी नावं घातली होती: माणसांची एका रकान्यात देवनागरीत, गावांची दुसऱ्यात उर्दू लिपीत. जयवंता, नत्थुजी, नसीमबानो, शाकीब. चांदूर बाजार, अचलपूर. पुढे वयं, तारखा. सौमित्रच्या पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं होती. ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हं.

"हे काय व्हय?" सबीहानं विचारलं.

"काय म्हंजे? तुह्या नोंदी."

"माह्या नोंदी? तुले हे असं दिसलं आन तू काही बोलला नाहीस?"

सौमित्र गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. "मले वाटलं तूच टाकली प्रश्नचिन्हं. तुह्या टूलचा काय नेम? ते काहीबी विचारते, म्हटलं काहीबी भरतही असन."

सबीहाला हसू आलं, आणि आवरेना. सौमित्रही हसायला लागला, का ते न कळताच. काकू धावत आल्या. "झालं का काम?"

"नाही काकू," सबीहा डोळे पुसत म्हणाली. "काम आता सुरू झालं."

झालं होतं ते साधं होतं. सौमित्रनं टेबल स्वतःच्या हातानं बनवलं होतं, त्याच्या सर्व्हरच्या जुन्या सवयीप्रमाणे, फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणारं. देवनागरी आणि उर्दू आत जाताना प्रश्नचिन्हं झाली. सबीहाच्या टेबलात मात्र दोन रकान्यांची अक्षरं साठवायची पद्धत वेगवेगळी होती. दोन्हीत देवनागरी-उर्दू मावायची, पण एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या पद्धतीचा. ते तिनं कधीतरी घाईत केलेलं, मुद्दाम नव्हे. अदितीनं पुण्यात जे टेबल बनवलं, त्यात सगळे रकाने नव्या पद्धतीचे असणार. कारण तक्रारीत सबीहानं फक्त क्वेरी आणि सीड लिहिले होते. टेबलाचं काय सांगायचं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

सौमित्रनं तिच्यासारखं टेबल बनवलं, नोंदी नीट भरल्या आणि टूल लावलं. काही वेळानं अकोल्याचा सर्व्हर पडला.

"पडला!" त्यानं टेबलावर हात मारला. बाहेरून काकूंनी विचारलं, "काय पडलं रे?" "सर्व्हर!" "लागलं तर नाही ना कोनाले?"

पण आनंद फार टिकला नाही. त्याच्याकडे पडल्याची खूण पुन्हा वेगळ्याच जागेची होती. ज्या क्वेरीवर पडला, तिच्यात नावांचे रकाने नव्हतेच. नुसती वयांची बेरीज.

"आता हे काय व्हय?" सौमित्र म्हणाला. "नावाच्या रकान्यानं पडते म्हनून राह्यलो आपन, आन हे तर नावाले हातही नाही लावून राह्यलं."

आता दोघांना एकत्र कळत नव्हतं, आणि त्यानं बराच फरक पडत होता. तिनं मेमरीवर पहारा ठेवणारं साधन लावलं. त्याच्यासोबत सर्व्हर फार हळू चालतो, गोगलगाईसारखा, पण मेमरीच्या कोणत्या जागेला कुणी हात लावला ते सगळं हे साधन पाहत राहतं. घरी तिनं ते आधीही लावलं होतं. फक्त कापलेल्या, छोट्या क्वेरीवर. आज तिनं सगळं जसंच्या तसं, पहिल्यापासून चालवलं.

तेवढ्यात जेवणं झाली. काकूंनी पाटवड्यांचा रस्सा केला होता. सबीहा भाकरी कुस्करत दाराकडे बघत होती. काकू म्हणाल्या, "ते मशीन पळून नाही जात पोरी. जेव आधी."

परत खोलीत गेले तेव्हा साधनानं एक जागा दाखवली होती. सर्व्हर वयांच्या बेरजेवर पडला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी एक क्वेरी होऊन गेली होती, नाव आणि गाव एकमेकांशी ताडून पाहणारी. टूल कधीकधी एकच क्वेरी तयार करून ठेवायचं आणि मधे दुसऱ्या चालवून ती पुन्हा चालवायचं. पहिल्या वेळी सर्व्हर जुन्या पद्धतीची अक्षरं नव्या पद्धतीत बदलून मेमरीत एका तात्पुरत्या जागी ठेवायचा. काम झालं की ती जागा सोडून द्यायचा. पण जागेचा पत्ता मात्र क्वेरीजवळ तसाच राहायचा. दुसऱ्या वेळी तीच क्वेरी आली, की सर्व्हर त्या सोडलेल्या जागेत जाऊन लिहायचा.

सौमित्रला ते आधी पटेना. मग तो हळूहळू म्हणाला, "म्हंजे असं का? लॉजची खोली सोडली, पन किल्ली खिशातच राह्यली. मंग परत येऊन सरळ कुलूप उघडलं. खोली रिकामी असन तर काहीच होत नाही. दुसरं बिऱ्हाड उतरलं असन, तर बोंबाबोंब."

"आन बोंब मारते ते बिऱ्हाड," सबीहा म्हणाली. "त्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही."

म्हणून दर वेळी वेगळ्या क्वेरीवर पडायचा. म्हणून क्वेरी कापली की पडणं थांबायचं. मधे कुणी त्या खोलीत उतरायलाच नसायचं. सबीहाला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती, आणि तरी पूर्ण विश्वास बसत नव्हता. इतके दिवस गोंधळात काढल्यावर समजणं हेही तिला संशयास्पद वाटत होतं.

अमरावतीला परतल्यावर तिनं नवी तक्रार लिहिली. या वेळी टेबल कसं बनवायचं ते आधी, नोंदी नंतर, क्वेरी सगळ्यात शेवटी. मागच्या तक्रारी आपण मागे घेतल्या होत्या आणि त्यातल्या काही कदाचित खऱ्या असाव्यात, हेही लिहिलं. मग पुन्हा न वाचता पाठवून टाकलं.

अदितीचा फोन लगेच आला. "सबीहा, पडला! माझ्याकडे पडला! पहिल्याच झटक्यात!" इतका आनंद तिच्या आवाजात सबीहानं कधी ऐकला नव्हता. मग तिचा स्वर बदलला. "खरं सांगू? मी तुम्हाला रॅमचं सांगून हात झटकले होते. रॅम खराब निघाली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं."

"मलेही बरंच वाटलं होतं," सबीहा म्हणाली.

दुरुस्ती छोटीशीच होती. क्वेरीच्या प्रत्येक फेरीआधी पत्ता नव्यानं घ्यायचा, जुना विसरायचा. अदितीनं ती केली, सबीहानं तोच सीड चालवला, सौमित्रनंही चालवला. कुठेच काही पडलं नाही. कंपनीनं मग सबीहाला सांगितलं, की सगळ्यांसाठी तपासणीची टेबलं तूच बनव, अनेक लिप्यांची, अनेक पद्धतींची. सौमित्रला तिनं या कामात ओढून घेतलं. "आता प्रश्नचिन्हं दिसली तर बोलजो," असं तिनं त्याला बजावलं.

मागे घेतलेल्या तक्रारी मात्र तशाच पडून होत्या. एका दुपारी तिनं जुनी आवृत्ती परत बसवली आणि ते सगळे सीड नव्या रॅमवर चालवून पाहिले. काही तक्रारींच्या सीडवर सर्व्हर त्याच ओळखीच्या पद्धतीनं पडला. त्या खऱ्या होत्या. काहींवर पडलाच नाही. त्या रॅमच्या असाव्यात. पण थोड्या अशा निघाल्या, की कशातच बसत नव्हत्या. सर्व्हर एकदा पडला, मग पुन्हा पडेना. खुणेत नावांचा रकाना नाही, पहारा ठेवणारं साधन गप्प.

अदितीनं त्यांच्याबद्दल विचारलं. "या बंद करून टाकूया का? रॅम म्हणून लिहिते."

"आता परत पडला तेव्हा रॅम नवी होती."

"मग त्याच बगमध्ये धरू?"

"त्याच्यासारखं दिसत नाही ते."

"मग कारण काय लिहू?"

काही आठवड्यांपूर्वी सबीहा या प्रश्नावर रात्रभर टूल उलटंपालटं करत बसली असती. "लिहा, माहीत नाही."

"तसा पर्यायच नाहीये इथे," अदिती म्हणाली, आणि दोघीही हसल्या. "मग उघड्याच ठेवते."

"ठेवा. मी पाह्यते."

आतल्या खोलीतून रहमतुल्ला सगळं ऐकत होते. ते बाजाराची पिशवी घेऊन बाहेर आले. "तर मग नेमकी चूक कोणाची ठरली?"

सबीहानं सांगायला सुरुवात केली. रॅमपासून सुरू केलं, मग अकोल्याला गेली, मग लॉजच्या खोलीत शिरली, आणि उरलेल्या तक्रारींपाशी येऊन अडकली. रहमतुल्लांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला नाही समजले," ते म्हणाले.

"मलेही सगळं नाही समजलं अब्बा."

तिनं टूलला नवा सीड दिला, चपला घातल्या आणि दोघं इतवारा बाजाराकडे निघाले. रस्ता ओलांडताना ती एकाएकी थांबली. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"काय झाले?" रहमतुल्लांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "त्या राह्यलेल्या तक्रारींच्या क्वेऱ्यांमधे तारखा होत्या का, ते पाहायचं राहून गेलं. नावानं नाही, तर तारखेनं पडत असन."

"परत जायचे आहे का?"

तिनं मागे घराकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे. "आल्यावर पाह्यते," म्हणून ती पुढे चालायला लागली. पण मेथीवाल्यापाशी उभी राहिल्यावर त्यानं काय भाव सांगितला, ते तिला दोनदा विचारावं लागलं.